स्कार्वे बेटावरचा आमचा माणूस

२३ ऑगस्ट, शुक्रवार. यान्बू

ही डायरी गावाकडे पैसे पाठवायच्या काउंटरवर फुकट मिळालेली. आठ महिने तिच्यात नुसती किराण्याची यादी. आजपासून नीट लिहिणार, कारण जे घडलंय ते ऐकायला घरात कुणाला वेळ नाही. लेक अफशाँ अकरावीत, तिच्या कानात सदानकदा इअरफोन. नवरा, यूनुस, मक्केच्या उत्तरेकडच्या या बंदरावर टगबोटींचे सुपरवायझर. घरी आले की तोंडाला कुलूप.

तर झालं असं. आमच्या करंजखोलच्या जमातीच्या ग्रुपवर लंडनला राहणाऱ्या गाववाल्याने एका स्कॉटिश बाईचं पत्र टाकलं. बाईचं नाव मोरॅग. ती स्कार्वे नावाच्या बेटावर राहते. बेटावर शंभर माणसं आणि हजारभर मेंढ्या. तिथे चर्चमागे, अगदी समुद्राला लागून, एक कब्रस्तान आहे. एकेचाळीस सालच्या हिवाळ्यात एक मालजहाज तिथे बुडालं आणि सात हिंदी खलाशी वाहत किनाऱ्याला लागले. त्या सातांपैकी फक्त एकाचं नाव कळलं, कारण त्याच्या कमरेला मेणकापडात गुंडाळलेलं जहाजाचं पुस्तक, म्हणजे खलाशाचा परवाना, होतं. दगडावर कोरलंय: कादिर वांगडे, करंजखोल. आता समुद्र त्या कब्रस्तानाची भिंत खात चाललाय. ऑक्टोबरमध्ये सगळ्या कबरी वर, आतल्या बाजूला हलवायच्या आहेत. त्याआधी या माणसाच्या घरचं कुणी मिळेल का, असं विचारलंय.

आमचं गाव! जगाच्या त्या टोकाला, दगडावर!

ग्रुपवर मात्र लोकांनी दात काढले. कारण कादिर वांगडे म्हणजे यूनुसचे आजोबा, आणि ते सत्त्याऐंशी साली गावात, आपल्या पलंगावर वारले. मी दुसरीत होते, त्यांच्या मय्यतीला शाळा लवकर सुटली होती. कुणीतरी लिहिलं, "यूनुसभाई, तुमचा आजा दोनदा मेला काय?"

मी हसत हसत यूनुसना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "डिलीट कर."

"अहो, पण आपलं गाव..."

"सकिना, डिलीट कर म्हटलं ना."

केलं नाही. उलट मोरॅगबाईला मेल पाठवला. मला एक आशा आहे. माझे आजोबा हाशम हमदुले त्याच साली जहाजावर गेले आणि परत आले नाहीत. कोण जाणे, त्या सातांत ते असतील.

२६ ऑगस्ट, सोमवार

मोरॅगबाईचं उत्तर आलं. लांबलचक, चार फोटो. सत्तरीची आहे, बेटाच्या इतिहास मंडळाची सेक्रेटरी. मंडळात चारच सभासद, आणि त्यातले दोन एकमेकांशी बोलत नाहीत म्हणे. म्हणजे आपल्या जमातीसारखंच.

दुपारी जेवणं झाल्यावर पडदे ओढले, एसी लावला आणि उपग्रहाच्या नकाशावर स्कार्वे उघडलं. बाहेर पंचेचाळीस डिग्री. आत मी त्या बेटावर उतरले.

दापोलीच्या शाळेत सहा वर्षं भूगोल शिकवला. सागरी कमान, सागरी स्तंभ, तरंगघर्षित मंच, फळ्यावर खडूने काढून काढून बोटं पांढरी व्हायची. एकही डोळ्यांनी पाहिला नव्हता. इथे सगळं एका बेटावर! पश्चिमेला उभा काळा कडा, त्याच्यासमोर पाण्यात एकटाच उभा असलेला स्तंभ. तो कधीकाळी बेटाचाच भाग होता. मधली कमान कोसळली आणि तो सुटा झाला. पूर्वेला पांढरी पुळण, आणि पुळणीच्या मागे वाळूवरच उगवलेलं गवताचं मैदान. उन्हाळ्यात त्यात पिवळी फुलं येतात.

मैदानाच्या वरच्या अंगाला चौकोनी रेघा दिसतात. मोरॅग लिहिते, ती घरं आहेत, छपरं नसलेली. दोनशे वर्षांपूर्वी जमीनदाराने मेंढ्यांसाठी माणसं हुसकावली. त्याआधी तीच माणसं समुद्रातलं शेवाळ जाळून राख विकायची. काही कॅनडाला गेली, काही वाटेतच गेली. ज्यांचं पत्र आलं नाही ते सुखी असतील, असं मागे राहिलेल्यांनी धरून चालायचं, असा तिकडे रिवाज.

आमच्याकडे असं कुणी धरून चाललं नाही.

किती वेळ चालत होते कळलं नाही. अफशाँ क्लासवरून आली आणि म्हणाली, "मम्मा, इट्स जस्ट अ रॉक." मी म्हटलं, हो गं, खडकच आहे. पण माझे पाय खरंच गार पडले होते.

३० ऑगस्ट, शुक्रवार

अब्बांना फोन केला. चौऱ्याऐंशी पूर्ण झाली. डॉक्टर म्हणतात हृदय पाव भागच चालतंय. भाऊ मुबीन त्यांच्या उशापायथ्याशी असतो. मी त्यांना सगळं सांगितलं, बेट, दगड, सात खलाशी.

अब्बा म्हणाले, "त्यात माझा बाप असंल काय गो?"

माझ्या अब्बांचं सगळं आयुष्य या एका प्रश्नात गेलं. बाप गेला तेव्हा ते वर्षाचे होते. गावात बातमी पसरली की हाशमने विलायतेत गोरी ठेवली, तिकडेच घर केलं. शाळेत पोरं त्यांना 'गोरीचा सावत्र' म्हणायची. भांडण झालं की कुणीही ऊठसूट तेच काढायचं. माझी आजी ना सुवासीण, ना विधवा. तिने विधवेची इद्दत पाळली नाही, कारण नवरा मेला नव्हता, पळाला होता. आपल्यात माणूस दूरदेशी मेला तर गावच्या मशिदीत त्याच्या नावाने गायबाना नमाज होते, समोर मय्यत नसली तरी. हाशमसाठी ती कधी झालीच नाही. पळालेल्याची कसली नमाज?

"अब्बा, गोरीचं तुम्हाला पहिल्यांदा कुणी सांगितलं?"

"कादिरचाचानं. त्याला म्हणं कुणी ग्लासगोत बघितलेला सांगितलान. मनापासून सांगितलान गो, रडला पण. दर ईदेला माझे कपडे तोच शिवायचा. चांगला माणूस."

मग म्हणाले, "मेला का पळाला, एवढं बघ बाय. मेला असंल तर नमाज पढून घेऊ. मी उभा राहू शकतो तोवर."

म्हटलं, बघते अब्बा.

३ सप्टेंबर, मंगळवार

नाही.

मोरॅगने जहाजाची पूर्ण यादी पाठवली. सात जणांपैकी सहा सिल्हेट आणि चितगावचे. सहाही नावं नंतर सापडली आहेत, नव्या दगडांवर ती कोरणार. सातवा कादिर वांगडे, करंजखोल. हाशम नावाचा कुणी त्या जहाजावर नव्हताच. यादी तीनदा वाचली. चौथ्यांदा अफशाँला वाचायला लावली.

संध्याकाळी शेगडीपाशी उभी राहून रडले. सांदणं बिघडली.

मोरॅग बिचारी चांगली. तिने स्वतःच्या आईची गोष्ट लिहिली. ती तेव्हा एकोणीस वर्षांची. सकाळी गाय शोधायला पुळणीवर गेली आणि तिथे ही माणसं. बेटावरच्या बायकांनी त्यांना धुतलं, केस विंचरले, घरातल्या चांगल्या लोकरी चादरींत गुंडाळलं. कोणत्या धर्माची, कशी पुरतात, काहीच ठाऊक नव्हतं. म्हणून पाद्र्याने नुसतं म्हटलं, ही माणसं आईची लेकरं आहेत, तेवढं पुरे. मोरॅगची आई म्हातारपणीसुद्धा त्या तरुणाबद्दल सांगायची, ज्याच्या कमरेला पुस्तक होतं. त्याच्या करंगळीच्या नखावर मेंदीचा डाग होता म्हणे. फिकट, जवळजवळ गेलेला.

मेंदी! म्हणजे घरून निघताना कुणीतरी लावली असणार. कुणा बिचारीची मेंदी असेल ती.

५ सप्टेंबर, गुरुवार

यूनुस नीट जेवत नाहीत. विचारलं तर म्हणतात बंदरावर काम वाढलंय. संध्याकाळी कॉर्निशवर एकटेच चालायला जातात आणि मगरिबची नमाज होऊन गेली तरी येत नाहीत. काल मेंदीचं सांगायला गेले तर ताटावरून उठले. पित्त झालं असेल. जिऱ्याचं पाणी द्यायला हवं.

९ सप्टेंबर, सोमवार

आज मोरॅगने विचारलंय, नव्या जागी या सात जणांना कोणत्या दिशेला तोंड करून ठेवायचं? बेटावर सांगणारं कुणी नाही.

इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा कुणी माझ्या विषयातलं काही विचारलं. अफशाँचा पृथ्वीगोल काढला, दोऱ्याचं एक टोक स्कार्वेवर धरलं, दुसरं मक्केवर, आणि ताणला. सपाट नकाशावर वाटतं किबला, म्हणजे मक्केची दिशा, आग्नेयेला असेल. गोलावर दोरा घट्ट ओढला की तो पूर्वेकडे जास्त झुकतो. कोनमापक लावला. उत्तरेपासून एकशे सोळा अंश.

आणि मग खालच्या टोकाला लक्ष गेलं. दोरा जर्मनीवरून, ग्रीसवरून, इजिप्तवरून येऊन मक्केला पोचायच्या जरा आधी कुठून जातो? यान्बूवरून! बरोब्बर यान्बूवरून. अंगठा काढून पुन्हा ताणला, पुन्हा तेच. या गावातून, कदाचित या खोलीतून, माझ्या चटईवरून. उद्या तो माणूस कुशीवर निजेल तेव्हा त्याचं तोंड माझ्याकडेही असेल.

दुपारभर मी बेटावर होते. आज धुकं होतं. समुद्रावरून येतं आणि कुंपणं, मेंढ्या, सगळं पुसून टाकतं. कड्याच्या पायथ्याशी कुणीतरी माझ्या पुढे चालत होतं, लुंगी गुडघ्यापर्यंत खोचलेली, आपल्या खाडीतली माणसं चिखलातून जातात तशी. मी हाक मारली. काय नाव घेऊन मारली ते जागी झाल्यावर आठवलं नाही.

पण हा कादिर कोण, हा गुंता सुटत नाही. अब्बांना विचारलं, त्या काळी गावात कादिर वांगडे किती? म्हणाले एकच. मग जहाजाच्या कारकुनाने घोळ घातला असणार. गोऱ्यांना आपली नावं कुठे कळतात! यूनुसना हे सांगितलं तर म्हणाले, "असेल." मग एकदम म्हणाले, "या शुक्रवारी मक्केला, उमऱ्याला जाऊ."

दरवर्षी रमजानमध्ये जातात, एकटे. आता सप्टेंबरातच का, विचारलं नाही. मला न्यायला तयार झाले हेच नवल.

१४ सप्टेंबर, शनिवार

एका दमात लिहिते, नाहीतर लिहून होणार नाही.

काल सकाळी गाडीने निघालो. जुहफाला थांबलो. यान्बूकडून जाणाऱ्यांनी इहराम, म्हणजे यात्रेचे कपडे आणि नेम, तिथेच बांधायचा. आंघोळ, दोन रकात नमाज, मी माझी नियत, म्हणजे संकल्प, केली आणि गाडीत येऊन मान टेकली. रस्ता लांब, दोन्ही बाजूंना वाळू, वाळूवर ऊन हलत होतं. डोळे मिटले तर ती वाळू पांढरी झाली, मागे गवत आलं, मी पुळणीवर होते. गाय शोधत होते वाटतं. पाणी खाली गेलेलं. आणि दुरून कुणीतरी नाव सांगत होतं, अगदी हळू, पुन्हा एकदा, तेच नाव.

हाशम बिन इब्राहीम.

केवढं बरं वाटलं म्हणून सांगू! वाटलं, बेटानेच सांगितलं शेवटी. मग गाडीला धक्का बसला आणि कळलं की आवाज माझ्या शेजारून येतोय. यूनुस स्टीयरिंग धरून, रस्त्यावर नजर ठेवून जुहफाला केलेली नियत पुन्हा बोलत होते. मेलेल्याच्या वतीने उमरा करायचा तर त्याचं नाव घ्यावं लागतं. मी झोपलेय असं समजून, सवयीने, तोंडातल्या तोंडात ते माझ्या आजोबांचं नाव घेत होते.

मी डोळे उघडले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हे नाव तुम्ही कशाला घेतलंत?"

"आधी उमरा होऊ दे."

इहरामात तंटा करायचा नाही. या अल्लाह, काय परीक्षा घेतलीस! सात फेऱ्या, सात खेपा, हजारोंच्या गर्दीत मी या माणसाच्या खांद्याकडे बघत चालले होते आणि जीभ दातांखाली धरली होती. कोणती दुआ केली, आठवत नाही. केस कापले, इहराम सुटला, आणि मी त्यांना हॉटेलखालच्या चहाच्या दुकानात बसवलं. म्हटलं, "बोला."

त्यांनी सांगितलं ते असं. एकेचाळीस साली मुंबईत जमातीच्या खोलीवर कादिर आणि हाशम एकत्र राहायचे. जिगरी दोस्त. कादिरला जहाज मिळालं होतं, पण पाणबुड्या जहाजं बुडवतात हे ऐकून त्याचं धाडस होईना. हाशमकडे अजून पुस्तकच नव्हतं आणि घरी तान्हं पोर. कादिर म्हणाला, एक फेरी तू कर, माझ्या पुस्तकावर. तेव्हा असं चालायचं, वय मिळालं की झालं, तोंड कोण बघतंय! हाशम कादिर होऊन गेला. चार महिन्यांनी जमातीच्या खोलीवर तार आली, कादिर वांगडे मयत. ती तार कादिरने स्वतःच्या हाताने घेतली आणि जाळली. लढाईचे दिवस, खोटे कागद, सांगावं तर तुरुंग. लढाई संपल्यावर सांगू म्हणाला. लढाई संपल्यावर लोक हाशमचं विचारायला लागले, तेव्हा तोंडून निघालं की ग्लासगोत दिसला म्हणे, गोरी केली म्हणे. मेला म्हणावं तर कुठल्या जहाजावर ते कुणी विचारलं असतं. गोरीला कागद लागत नाहीत.

"मरताना आजाने माझ्या बापाला सांगितलं," यूनुस म्हणाले. "बापाने मला. बारा साली, इस्पितळात. म्हणाला, दरवर्षी हाशमच्या नावाने एक उमरा कर. तेव्हापासून करतोय."

समोर चहा तसाच होता. त्यावर साय धरली होती.

१६ सप्टेंबर, सोमवार

बोलत नाही मी त्यांच्याशी. दोन दिवस झाले. अफशाँ मध्ये बसून दोघांना हिंदीत विचारते, "नमक चाहिए किसी को?"

बारा वर्षं. बारा वर्षं या माणसाला ठाऊक होतं. अब्बांशी फोनवर गप्पा मारायचा, तब्येत विचारायचा, आणि ठाऊक होतं.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. आमचं लग्न ठरलं तेव्हा यूनुसचे वडील हट्टाला पेटले होते, मुलगी आणीन तर हमदुल्यांच्या घरातलीच. मला केवढा अभिमान होता त्याचा! वाटायचं, माझी हुशारी बघून. आज स्वयंपाकघरात उभी राहून विचारलंच, "मी काय भरपाई होते?"

"मला तेव्हा ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "अल्लाची शप्पथ, नव्हतं. मी तुला शाळेच्या गॅदरिंगमध्ये बघितलं होतं. तू माईकवरून पोरांना ओरडत होतीस."

खरं असेल. पण ते इतकं गंभीर तोंड करून म्हणाले की मला हसू आलं आणि त्याचा आणखी राग आला.

मोरॅगचा मेल आलाय. पाथरवट तीस तारखेला कोरायला घेणार. दगडावरचं नाव बदलायचं असेल तर कादिर वांगडेच्या वारसाने लिहून द्यायला हवं की कादिर त्या जहाजावर नव्हता, घरी मेला. माझ्या शब्दाला किंमत नाही. यूनुसच्या आहे. ते लिहिणार नाहीत, मला ठाऊक आहे. आजाची कबर गावात आहे, अख्खं गाव थुंकेल, असं परवाच म्हणाले.

मी मेल त्यांच्या उशीवर ठेवला. छापून. एक अक्षर बोलले नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार

आज दुपारी बेटावर गेले नाही. जावंसं वाटत होतं, पण तिथे आता अनोळखी कुणी उरलं नाही. मेंदी माझ्या आजीची होती. ती कुणा बिचारीची असेल असं मी लिहिलंय, मागच्या पानावर.

यूनुस आज बंदरावरून लवकर आले. जेवणाच्या टेबलावर बसून पत्र लिहिलं, टगबोटीच्या लॉगमध्ये लिहितात तसल्या इंग्रजीत, वेळ, तारीख, मुद्दे. माझे आजोबा कादिर वांगडे यांनी आपलं पुस्तक हाशम हमदुले यांना दिलं. हाशम हे कादिर म्हणून मेले. माझ्या आजोबांनी ही गोष्ट सेहेचाळीस वर्षं लपवली. मी बारा. खाली सही. अफशाँने वाचलं, इअरफोन काढले आणि म्हणाली, "अब्बू, यू हॅव टु टेल नाना फर्स्ट." मग जरा थांबून, मराठीत, "आधी नानांना सांगा."

"शुक्रवारी," ते म्हणाले. मी त्यांच्यासाठी चहा ठेवला. अजून बोलले नाही, पण ठेवला.

२० सप्टेंबर, शुक्रवार

व्हिडिओ कॉल लावला. अब्बा उशांना टेकून बसले होते, मुबीनने फोन धरलेला. मी बाजूला झाले. यूनुसनी सगळं सांगितलं, काहीही न गाळता, मान खाली घालून. मध्ये एकदा पाणी प्यायले, पुढे सांगितलं.

अब्बांनी मुबीनला फोन जवळ धरायला लावला.

मग म्हणाले, "ईदेचे कपडे शिवायचा माझे." थोड्या वेळाने पुन्हा, "माप घेताना रडायचा. मला वाटायचं मायेनं."

"अब्बा, मला माफ करा."

"तू काय केलंस? तू उशीर केलास." मग विचारलं, "केवढा होता तो? मरताना?"

मी पुढे झाले. "चोवीस, अब्बा."

"चोवीस," अब्बा म्हणाले. मुबीनकडे वळून पुन्हा म्हणाले, "चोवीस रे." मुबीनचा धाकटा सव्वीसचा आहे. "आणि मी त्याला आयुष्यभर शिव्या घातल्या."

यूनुसना म्हणाले, "पुढच्या जुम्म्याला नमाज ठेवतो. पण गावाला तू सांगायचंस. माझ्या तोंडून नको, तुझ्या तोंडून."

त्याच दुपारी यूनुसनी जमातीच्या ग्रुपवर आपला आवाज टाकला. सात मिनिटं. मग त्यांच्या चुलतभावाने लिहिलं, घराण्याला काळं फासलंस. दोघं ग्रुप सोडून गेले. यूनुसनी फोन उलटा ठेवला आणि मला विचारलं, "भात आहे का काही?" पोटभर जेवले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

मीही बोलले. म्हटलं, वाढते.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

इथे सकाळचे अकरा, गावात दीड. मुबीनने फोन खिशात उभा ठेवला होता. मला लोकांच्या पाठी दिसत होत्या आणि पुढे रिकामी जागा, जिथे एरवी मय्यत असते. जुम्म्यानंतर इमामसाहेबांनी नाव पुकारलं. हाशम इब्राहीम हमदुले, खलाशी, दूरदेशी मयत. त्र्याऐंशी वर्षांनी त्या मशिदीत ते नाव मोठ्याने घेतलं गेलं. अब्बांना खुर्ची दिली होती, ते बसले नाहीत. नमाजेच्या चारही तकबिरा होईपर्यंत उभे होते, मुबीनच्या दंडाला धरून. वांगड्यांच्या घरातले तिघे आले होते. बाकीचे आले नाहीत. यूनुस माझ्या शेजारी, आमच्या बैठकीच्या खोलीत, फोनकडे बघत हात बांधून उभे राहिले.

मोरॅगचा मेल सकाळीच आला होता. नाव मिळालं, पाथरवटाला दिलं. दिशेचंही ठरलं, एकशे सोळा अंश, त्यांनी होकायंत्र लावून खुंट्या मारल्यात. हे सगळं अब्बांना सांगायचं म्हणून मी फोन धरूनच होते. पण नमाज झाल्यावर अब्बा घरी जायला तयार होईनात. मुबीनला म्हणाले, मागं ने.

मशिदीमागे कब्रस्तान. करवंदीच्या जाळीपलीकडे आजीची कबर, नुसता जांभा, वर काही लिहिलेलं नाही. ती अठ्ठ्याऐंशी साली गेली, कादिरच्या मागोमाग वर्षभरात. कुणी हाशमचं नाव काढलं की थुंकायची. मुबीनने अब्बांना दगडावर बसवलं आणि फोन समोर धरला.

अब्बांनी फातिहा वाचली. मग जरा पुढे वाकले आणि जोरात, अख्ख्या कब्रस्तानात ऐकू जाईल असं, ओरडून म्हणाले, "माय! तो गोरीकडं नव्हता गो गेला! मेलेला तो! त्याला यायलाच मिळालं नाय!"

मुबीन घाबरून म्हणाला, "अब्बा, हळू."

"हळू काय, हळू," अब्बा त्याच्यावरच डाफरले. "शेवटची दहा वर्षं तिला ऐकू येत नव्हतं."

आणि पुन्हा वाकून, आणखी मोठ्याने, पहिल्यापासून सांगायला लागले.